सतरा शिटांची सहल

फुकट मिळालेली वस्तू वाया गेलेली मला बघवत नाही. बायको याला स्वभाव म्हणत नाही, आजार म्हणते. असेल. पण त्या आजारापायी आमच्या अख्ख्या गल्लीला समुद्र दिसला, हे कोणी लक्षात घेत नाही.

मी साखर कारखान्यात टाइमकीपर आहे. सहकारी कारखाना. नांदूरघाटाच्या रस्त्यानं गेलं की धुराडं दिसतं, धूर दिसत नाही. यंदा पाऊस नाही म्हणून ऊस नाही, जो काही उभा होता तो छावणीत जनावरांनी खाल्ला, म्हणून गाळप नाही, आणि गाळप नाही म्हणून कामावर कोणी फिरकत नाही. मी मात्र रोज वेळेवर जातो. कोणीच आलं नाही, याची नोंद करायलासुद्धा माणूस लागतोच की!

तर आमच्या कारखान्याची एक चांगली रीत होती. वर्षभरात एकही खाडा न केलेल्या कामगाराला बक्षीस म्हणून चार दिवसांची सहल. मिनीबस कारखान्याची, डिझेल कारखान्याचं, ड्रायव्हर दस्तगीर, तोही कारखान्याचाच. एरवी हे बक्षीस मिळवायला मारामारी असायची. यंदा एकही खाडा नसलेला माणूस अख्ख्या कारखान्यात एकच निघाला. (हजेरी मीच लावतो, ही गोष्ट खरी आहे. पण माझी हजेरी खोटी नव्हती.)

हे माझ्या ध्यानातही नव्हतं. डिसेंबर संपत आला तेव्हा ऑफिसातले मोहनराव सुपरिंटेंडंट म्हणाले, "शहादेवराव, तुमची बक्षिसाची गाडी कधी नेता? एकतीस तारखेला सांजच्याला ती शेडात पायजे. नवीन साल लागलं की जुनं बक्षीस बाद."

बाद! फुकटची गाडी बाद!

घरी येऊन बायकोला सांगितलं. घरात आम्ही दोघंच, पोरगी लग्न होऊन परळीकडं गेलेली. सुंदरबाई भांडी घासत होती. घासत म्हणजे राखेनं पुसत होती. पाणी कुठं होतं घासायला?

"कुठं जायचं सांग," मी म्हणालो. "तुळजापूर म्हण, शिर्डी म्हण. गाडी आपली हाय."

तिनं जराही विचार केला नाही. "जिथं पाणी हाय तिथं."

"म्हंजी?"

"मला एकडाव मन भरंस्तोवर आंघोळ करायचीय. कुणी 'पुरे' म्हणायचं न्हाई, मी बी म्हणायचं न्हाई. बाकी देव-बीव काय बघायचं न्हाई मला."

आता खरं सांगतो, मला वाईट वाटलं. त्या दिवसांत आमची आंघोळ म्हणजे घमेल्यात उभं राहायचं, अर्धी बादली अंगावर घ्यायची, आणि घमेल्यात जमलेल्या पाण्यात कपडे धुवायचे. तेही दोघांत मिळून अर्धी बादली. लग्नाला इतकी वर्षं झाली, बाईनं कधी सोनं मागितलं नाही, साडी मागितली नाही, आणि आता मागून मागून आंघोळ मागत होती. मी तिथल्या तिथं जाहीर केलं, "अलिबागला जायचं. समुद्रावर!"

त्याच पावली आम्ही दोघं जाऊन गाडीत बसलो असतो, तर मला काही लिहायची वेळ आली नसती. पण मी शेडात जाऊन गाडी बघून आलो. शिटा मोजल्या. ड्रायव्हर सोडून सतरा.

"सतरा शिटा, आणि माणसं दोन," मी रात्री जेवताना म्हणालो.

"बरं हाय की. मी पाय लांब करून बसंन."

"अगं, पंधरा शिटा मोकळ्या जातील!"

"जाऊ द्या की हो. त्यास्नी काय भूक लागती का?"

बायकांना सहकार कळत नाही. मी हात धुतले (म्हणजे धोतराला पुसले) आणि शेजारच्या आसारामकडं गेलो.

आसाराम कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला. सहल म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले, आणि लगेच विझले. "मी येतो, पन माझं पाणी कोण भरंल?"

इथं टँकरचं थोडं सांगायला पाहिजे. आमच्या गावात टँकर दिवसाआड येतो आणि मारुतीच्या पारापाशी उभा राहतो. घरटी एक निळा ड्रम. पण नुसता ड्रम ठेवून भागत नाही. ड्रमाशेजारी त्या घरचं माणूस उभं पाहिजे. माणूस नसलं की ड्रमाला पाणी नाही आणि त्या घराचा नंबर महिनाभर सगळ्यांच्या शेवटी. शेवटपर्यंत टँकरात पाणी कधी उरतच नाही. त्यामुळं आमच्याकडं माणसं मयताला जातानासुद्धा टँकरचा वार बघून जातात.

"पाण्याचं काय घेऊन बसला? वच्छलाबाई भरतील तुझं," मी म्हणालो.

आसाराम, त्याची बायको आणि दोन पोरं, चार शिटा भरल्या.

समोरच्या वच्छलाबाई म्हणजे गल्लीतलं सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत तिखट माणूस. त्या म्हणाल्या, "समुद्र बघायचा हाय रे बाबा मरायच्या आदी. पन माझं पाणी?"

"जलालुद्दीनभाई भरतील."

जलालुद्दीनभाईंचं कोपऱ्यावर मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. दुष्काळात गाड्या कोण दुरुस्त करतंय? ते आणि रुकसानाभाभी लगेच तयार. "लेकिन पाणी, शहादेवभाई?"

"आसाराम हाय की शेजारी!"

माझ्या मनात कपट नव्हतं, शपथेवर सांगतो. ज्याला विचारायला गेलो त्याच्यापुरतं बाकी सगळे घरीच राहणार, असं मला त्या त्या वेळी मनापासून वाटत होतं. दोन दिवसांत मी गल्लीतल्या आमचं सोडून साती घरांत जाऊन आलो आणि सतरा शिटा भरल्या. कारखान्याच्या इतिहासात कोणी एवढी पुरेपूर सहल काढली नसेल. मला स्वतःचा लई अभिमान वाटला.

सत्तावीस तारखेला पहाटे गाडी गल्लीच्या तोंडाशी लागली. लोक चढले. सुंदरबाई सगळ्यांत आधी येऊन खिडकीशी बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत नवा टॉवेल आणि साबणाची न फोडलेली वडी. दस्तगीरनं इंजिन चालू केलं. मी दारात उभा राहून डोकी मोजत होतो तेवढ्यात मागून आसारामचा आवाज आला.

"काकू, तुमी कुठं निघाल्या?"

"समुद्राला," वच्छलाबाई म्हणाल्या.

"मग माझं पाणी?"

"तुझ्या पान्याचं मला काय इचारतो? माझंच पाणी जलाल भरनार हाय."

"मैं?" जलालुद्दीनभाई पुढच्या शिटावरून वळले. "माझं तर आसाराम भरणार हाय!"

मग सोळा माणसं एकदम माझ्याकडं बघायला लागली. सोळा माणसांचं बघणं एकट्यानं सोसणं सोपं नसतं.

"बे शहादेव, हे काय केलंस बे?" आसाराम म्हणाला.

"आठ घरांचा नंबर जाईल महिनाभर!" वच्छलाबाई ओरडल्या. "कुनाला तरी उतरावं लागंल!"

उतरायला कोणीच तयार नव्हतं. जो तो आपली पिशवी घट्ट धरून खिडकीबाहेर बघायला लागला. आसाराम म्हणाला, "पाण्याचं काम बायकांचंच असतं, न्हाई तरी." आणि मी बघितलं, सुंदरबाई उठली. पिशवी काखेत मारली. "मी राहते," ती म्हणाली. "मला काय, मी मागून कवातरी जाईन."

माझ्यातलं नवरेपण क्वचितच जागं होतं. त्या पहाटे झालं.

"खाली बस," मी म्हणालो. "मी राहतो."

आणि मी पायरीवरून खाली उतरलो. मला वाटलं, कोणीतरी म्हणेल, नाही नाही, शहादेवराव, तुमच्याशिवाय सहल कसली? निदान आसाराम तरी म्हणेल. दस्तगीरनं गिअर टाकला.

त्याच दिवशी टँकरचा वार होता. मी आठ ड्रम पाराशी लावले आणि मधोमध उभा राहिलो. टँकरवर हरिबा असतो. पाइप त्याच्या हातात, म्हणून गावही त्याच्याच हातात.

"हे कुनाचं?" हरिबानं पहिल्या ड्रमाला पाय लावला.

"माझं."

"आन हे?"

"आसारामचं. पन मी हाय त्याच्या घरचा."

"आन हे?"

"वच्छलाबाईंचं. मीच हाय त्यांच्या घरचा माणूस."

लोक फिदीफिदी हसायला लागले. हरिबा हसला नाही. "वच्छलाकाकूच्या घरचा मानूस वारून वीस वर्सं झाली," तो म्हणाला. "मानूस न्हाई तर पाणी न्हाई. गैरहजर."

आयुष्यभर हा शब्द मी दुसऱ्यांच्या नावांपुढं लिहीत आलो. तो एवढा टोचतो, हे मला माहीत नव्हतं. मी हात जोडले. सहलीची सगळी हकीकत सांगितली. मागच्या बायका म्हणाल्या, जाऊ दे रे हरिबा, बायकू मजा मारती आन ह्यो पाणी वाहतो, असा गडी कुठं बघायला मिळतो? हरिबा जरा वितळला.

"एक काम कर. एक ड्रम भरून देतो. त्यो घागरीनं घरात न्हेऊन रिकामा कर, मग दुसरा लाव. लोकांची लाईन तुझ्यासाठी थांबनार न्हाई. दर वेळी मागं जाऊन उभं ऱ्हायचं. आठ ड्रमांचं पाणी तेवढं राखून ठेवतो."

तसं केलं. माझ्या घरापासून सुरुवात केली आणि रुकसानाभाभींच्या माठापर्यंत गेलो. डोक्यावर घागर घेऊन चालायची मला सवय नाही. अर्धं पाणी माझ्या सदऱ्यावर सांडायचं, आणि गल्लीतली कुत्री मागून ते चाटत यायची. शिवाय जाताना वच्छलाबाई ओरडून दोन शेळ्या माझ्या गळ्यात घालून गेल्या होत्या. सांजच्याला कंबर अशी धरली की भाकरीसुद्धा उभ्यानं खाल्ली. दिवसाआड पुन्हा टँकर, पुन्हा आठ ड्रम, पुन्हा हरिबा. गल्लीतला प्रत्येक हंडा, कळशी, पातेलं मी काठोकाठ भरलं. स्वतः एक तांब्यासुद्धा अंगावर घेतला नाही. एवढ्या कष्टानं आणलेलं पाणी अंगावर ओतायला जीव होत नव्हता.

मधे मधे बायकोला फोन करायचो.

"समुद्र बघितला का?"

"कुठला समुद्र? पैठणला हाय. वच्छलाकाकूच्या बहिणीकडं."

दुसऱ्या दिवशी: "समुद्र?"

"नगरला. जलालुद्दीनभाईंच्या साडूकडं. लई आग्रह करतेत, उठूच देईनात."

तिसऱ्या दिवशी गाडी पुण्यात आसारामच्या मेव्हण्याच्या दारात होती. मी डोक्याला हात लावला. मग दस्तगीरलाच फोन लावला आणि म्हणालो, "बाबा रे, हात जोडतो, बाईला पाण्यापाशी ने!"

एकतीस तारखेला दुपारी गाडी आली. मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. माणसं उतरली ती एकजात खाजवत. केस ताठ, कातडी पांढरी, कपड्यांतून वाळू गळतेय. समुद्र त्यांना काल सांजच्याला तासाभरासाठी भेटला होता. डुबक्या मारल्या आणि ओल्या अंगानं गाडीत बसले, कारण गाडी आज शेडात पाहिजे होती.

सुंदरबाई सगळ्यांत शेवटी उतरली. साबणाची वडी अजून फोडलेली नव्हती.

"झाली का मन भरून आंघोळ?" मी विचारलं.

"काय हो ते पाणी! डोळ्यांत मावत न्हाई एवढं, आन त्यातला एक तांब्या कामाचा न्हाई. साबण फेसच धरत न्हाई. वरून हे मीठ! रातभर अंगाला खाज. सरका बाजूला."

ती थेट मोरीत शिरली आणि दार लावून घेतलं. पाण्याचा आवाज यायला लागला. पहिला तांब्या, दुसरा, दहावा. मग मोजणं सोडलं. घागर उपडी झाली, पाठोपाठ कळशी. आतून गुणगुण ऐकू आली. बाईला गुणगुणताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मी ओट्यावर बसून ऐकत राहिलो आणि मला लई बरं वाटलं. कंबरसुद्धा दुखायची थांबली.

मग ध्यानात आलं की तोच आवाज आसारामच्या घरातूनही येतोय. समोर वच्छलाबाईंच्या मोरीतूनही. कोपऱ्यावर जलालुद्दीनभाई अंगणातच बसून डोक्यावर बादली पालथी घालत होते. आठी घरं मीठ धूत होती. गल्लीच्या उतारावरून साबणाचा फेस वाहत निघाला, आणि शेळ्या तो हुंगत उभ्या राहिल्या.

"अहो, अजून एक घागर द्या!" सुंदरबाई मोरीतून ओरडली.

मी ड्रममध्ये वाकून बघितलं. तळाशी तांब्याभर गाळ होता. आसारामकडं घागर घेऊन गेलो, तर त्याची बायको आमच्याकडंच घागर घेऊन निघाली होती.

थोड्या वेळानं सुंदरबाई बाहेर आली. ओले केस पाठीवर, तोंड धुतल्या पितळेसारखं लखलखीत. माझ्याजवळून जाता जाता थबकली आणि नाकाला पदर लावला. मग ड्रमात डोकावली, मग माझ्याकडं बघितलं.

"चार दिवस घरात नुसते बसून होता," ती म्हणाली. "आन एवढंच पाणी भरलं?"