एक खून आणून दाखवा!

तुम्हाला म्हणून सांगतो, चाळीस वर्षं मी शाळेत शिकवलं. कोणी कोणाचं उत्तर उतरवलं, कोणी माझ्या खुर्चीत बेडूक सोडला, हे मी नुसत्या कानांच्या रंगावरून ओळखायचो. तेव्हा खुनी ओळखणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! सुट्टीत मेव्हणीबाईंकडे राहायला गेलो, तेव्हा दोन्ही नातींसमोर मी हे छाती फुगवून सांगितलं.

घर गावाबाहेर, टेकडीवर. अठरा खोल्या, करकरणारा जिना, शेजार नावाला नाही.

"तुम्ही फक्त एक खून आणून दाखवा," मी म्हणालो, "दुपारच्या जेवणाच्या आत खुनी हजर करतो!"

दुसऱ्या दिवशी मेव्हणीबाई नाश्त्याला आल्याच नाहीत! घड्याळ त्यांच्याकडे बघून आपली वेळ लावून घेईल, अशी बाई! पलंग रिकामा. कानाचं यंत्र टेबलावर. बायकोचा चेहरा पांढराफटक.

"अहो, ताई गेली कुठे? अठ्ठ्याहत्तर वर्षांचं माणूस!"

"घाबरू नकोस. मी आहे ना!" मी नातींच्या हाती वह्या दिल्या. "बाळांनो, दिसेल ते टिपून घ्या. अनुमान मी काढीन."

पाच मिनिटांत थोरली धापा टाकत आली. "आजोबा! मोठ्या आजीची चप्पल! एकच! स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी!"

माझी जुनी सवय अशी, की मूल उत्तर घेऊन आलं की पाठीवर थाप द्यायची आणि विचारायचं, "शाब्बास! अजून?" मग ते आणखी शोधतं. शोधतंच!

धाकटी आली. "चष्मा! भाजीच्या टोपलीत!"

"शाब्बास! अजून?"

"फरशीवर लाल थेंब!"

"अजून?"

"मोठी सुरी गायब!"

मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर मुलं दाराकडे धावतात, तसे सगळे पुरावे स्वयंपाकघराकडे धावत होते. आत आचारीबुवा शांतपणे कणीक मळत होते. या घरात त्यांना तीस वर्षं झाली.

"आचारीबुवा, मोठी सुरी कुठेय?"

"तीच शोधतोय, मास्तर."

"काल बाईसाहेब तुमच्यावर का ओरडल्या?"

"काल? त्या रोजच ओरडतात की. तीस वर्षं झाली."

तीस वर्षांचा साठलेला राग! मी वहीत लिहून दोनदा अधोरेखित केलं, पोलिसांना फोन केला आणि सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं.

"खुनी याच खोलीत आहे!" मी खडू मारावा तसं बोट आचारीबुवांकडे फेकलं.

"अहो, जीभ आवरा!" बायको ओरडली.

आचारीबुवा मात्र ओरडले नाहीत. त्यांनी एप्रन सोडला, चार घड्या घालून टेबलावर ठेवला.

"मास्तर, बाईसाहेब आजारी होत्या तेव्हा दोन महिने त्यांना चमच्यानं भरवलंय मी. आता या घरात माझं काम संपलं. ट्रंक भरायला दहा मिनिटं लागतील."

ते गेले. आणि एकदम धाकटीनं भोकाड पसरलं.

"आचारीकाकांना थांबवा! मोठी आजी मेलेली नाहीये! ती माळ्यावर मेल्यासारखं करतेय!"

"काय?"

"तुम्हीच म्हणालात ना, खून आणून दाखवा!"

"अगं, पण चप्पल? चष्मा?"

थोरली पायांकडे बघत म्हणाली, "तुम्ही 'अजून' म्हणालात की आम्ही आणखी एक ठेवायचो."

"आणि रक्त?"

"माझ्या रंगपेटीतलं."

"सुरी?"

"तुमच्या गादीखाली."

मी दोन-दोन पायऱ्या चढत माळ्यावर गेलो. मेव्हणीबाई जुन्या गादीवर, हात छातीवर, डोळे मिटलेले. हाक मारली. उत्तर नाही! पुन्हा मारली. नाही! खांद्याला स्पर्श केला, तेव्हा एक डोळा उघडला.

"हात लावू नका, मी मेलेय. खुनी सापडला का?"

मी तिथेच बसकण मारली. हसत होतो की रडत होतो, देव जाणे!

"जेवायचं झालं का हो? मेल्यापासून पोटात काही नाही."

त्यांना घेऊन खाली आलो, तर आचारीबुवा ट्रंक घेऊन दारात. मी हात जोडले. "चुकलो, आचारीबुवा." त्यांनी बघितलंही नाही. तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली आणि हवालदार आत आले.

"खून कुठे झालाय?"

"इथेच," मी म्हणालो.

"मयत बाई कुठायत?"

"त्या... पानावर बसल्यात. वाढायची वाट बघतायत."

हवालदारांनी काठी आपटली. "खोटी खबर देता? चला ठाण्यात!"

चाळीस वर्षं मुलांचे कान धरले, त्या क्षणी मी स्वतःचे धरले. मागे धप्पकन आवाज झाला. आचारीबुवांनी ट्रंक खाली ठेवली होती.

"जाऊ द्या, साहेब. आमचे मास्तर आहेत ते. मुलींना शिकवत होते, भरकटले जरा. बसा, तुम्हीही जेवून जा."

आमचे मास्तर! माझा जीव भांड्यात पडला. बायकोनं घाईघाईनं एप्रन त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी तो बांधला.

ज्या माणसाला मी तासाभरापूर्वी फासावर चढवत होतो, त्यानं मला वाढलं, आणि तेही हवालदारांच्या आधी. काय वाढलं ते मात्र विचारू नका. मान इतकी खाली होती, की ताटाच्या काठाशिवाय मला काही दिसलंच नाही!