गुरुजींचा कोर्स

महारुद्र गुरुजींच्या हिरड्यांतून रक्त येत होतं आणि शनिवारच्या ग्रामसभेत त्यांना भाषण करायचं होतं. माकणीच्या दारूबंदी समितीचे ते अकरा वर्षांपासूनचे अध्यक्ष. गावातला गुत्ता बंद करायचा ठराव ते दरवर्षी मांडत आणि माणसंच जमत नाहीत म्हणून तो दरवर्षी बारगळत असे. यंदा निदान तोंडाचा वास तरी आड येऊ नये, म्हणून ते लोहाऱ्याला दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आले.

गोळ्या मात्र गावातल्या वसीमच्या मेडिकलमधून घेतल्या. वसीमची निम्मी गिऱ्हाइकं बहिरी, त्यामुळे त्याला ओरडून सांगायची सवय.

"गुरुजी, ह्या दिवसातून तीनदा, सात दिवस! आन् दारू टोटल बंद! गोळ्या संपल्यावरबी तीन दिवस शिवायची न्हाय. उलट्या व्हत्यात, छाती धडधडती!"

"अरे, मी कुठं..."

"समद्यांनाच सांगावं लागतंय. लाजायचं न्हाय, गुरुजी."

मागं बंडप्पा उभा होता. गुत्त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. खोकल्याचं औषध न घेताच तो लगबगीनं गुत्त्याकडे निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी मोरीपाशी चुळा भरायचं औषध टोपणात मोजून तोंडात घेत होते. चेहरा वेडावाकडा झालेला. शेजारच्या कडूबाईंनी भिंतीवरून सगळं पाहिलं.

"राजेश्वरी, सकाळच्यालाच गं?"

"व्हय, सकाळ-संध्याकाळ. डॉक्टरनंच सांगितलंय," गुरुजींची बायको भाकरी थापत म्हणाली. "लई जुनं दुखणं हाय, मावशी. बाहेर बोलू नका, ते लाजत्यात."

मावशी बाहेर बोलल्या.

शनिवारी ग्रामसभेला पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या रांगेत अख्खा गुत्ता बसला होता. बंडप्पा उठला.

"गुरुजी, अकरा वर्षं आमाला वाटायचं, ह्या माणसाला काय कळतंय? थेंब चाखला न्हाय कधी. आता कळलं, तुमी आमच्यातलेच. कशी सोडली, तेवढं सांगा."

'हिरड्या' म्हणण्यासाठी गुरुजींनी तोंड उघडलं. समोर दीडशे माणसं होती. आजवरचा त्यांचा विक्रम नऊचा होता, तोही माईकवाल्याला धरून.

"अवघड गेलं," गुरुजी म्हणाले.

टाळ्या थांबेचनात. बंडप्पानं दोन्ही हात वर केले. त्यातला एकच धरला, तरी ठराव पास झाला. सोमवारी गुत्त्याला कुलूप लागलं. मालाची खोकी आत तशीच राहिली आणि किल्ली, अध्यक्ष म्हणून, गुरुजींच्या जानव्याला आली.

कोर्स संपल्यावर चौथ्या दिवशी गुरुजी चुळांच्या औषधाची नवी बाटली घ्यायला गेले. हिरड्या ठणठणीत होत्या. गावात मान वाढला होता. तीन दारुडे तर रोज घरी पाया पडायला येत होते.

"झाले की तीन दिवस, गुरुजी!" वसीम गल्ल्यावरूनच ओरडला. "आता बिनघोर घ्या! कायबी व्हत न्हाय!"

मागून बंडप्पा पुढं आला आणि इकडंतिकडं बघत गुरुजींच्या कानाशी लागला.

"किल्ली जवळच हाय न्हवं?"