ओव्हाळमामांचे सदरे

लोहाऱ्याच्या स्टँडवर एसटी उशिरा आली, की बाकीचे लोक जागा धरायला धावतात. ओव्हाळमामा आधी कंट्रोलरच्या खिडकीशी जातात आणि म्हणतात, "कारण लेखी द्या." तेवढ्यात गाडी निघून जाते. मामा मग जीपमध्ये स्वतःला कोंबून घेऊन घरी येतात, पण तोरा कायम.

मामा माझे शेजारी. कोर्टात बेलिफ होते. जन्मभर लोकांच्या दारांवर समन्स डकवली. ते रिटायर झाले, त्यांचा कायदा काही होईना. माझ्या बायकोने एकदा मांजरावर दूध प्यायल्याचा आळ घेतला, तर आरोप म्हणजे गुन्हा नव्हे, म्हणून मामा मांजराच्या बाजूने तासभर भांडले.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. मामा दर महिन्याला नवा सदरा शिवायला टाकायचे आणि अंगात तोच जुना, कॉलर उलटवलेला. म्हातारपणी चळ लागलाय, असं मी चारचौघांत सांगतही असे.

सदरे शिवायचे महबूबभाईंकडे. दोन वर्षांपूर्वी दहशतवादाच्या कायद्याखाली त्यांच्या मुलाला धरून नेलं. तो अजून आतच आहे. तेव्हापासून गिऱ्हाईक त्या दुकानावरून मान खाली घालून जातं. मीही त्यातलाच. माझ्या पँटी आता उमरग्याहून शिवून येतात.

सरकारनं उगाच का धरलं असेल, असं मी एकदा बोलून गेलो. मामांनी मला पायरीवर बसवून घेतलं. बॉम्ब फुटू नयेत हे त्यांनाही हवंच होतं. पोरानं काही केलं असेल तर त्याला सजा व्हावी, हेही.

"पर ते कोर्टानं ठरवायचं, मास्तर. जामीन न्हाय, खटला उभा न्हाय, मंग दोन वर्सं चाललीय ती सजा कशाची? आन तुमी समद्यांनी त्याच्या बापाला दिलीय, ती कुठल्या कलमात बसती?"

विषय बदलायला मी सदऱ्यांवर आलो, इतके लागतात कशाला म्हणून.

मामांनी उलटवलेली कॉलर बोटांनी सारखी केली.

"माप घ्यायला महबूब उठतो तरी. न्हाय तर दिसभर मशिनीफुडं नुसता बसून असतो. आन खरं सांगू? ही गेल्यापासनं माझ्या खांद्यावर हात ठेवणारा बी त्योच."

दुसऱ्या दिवशी मी कापड घेऊन दुकानात गेलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. महबूबभाईंनी कापड घेतलं. वही उघडलीच नाही. माझं माप त्यांना अजून पाठ होतं.