थ्री-फेज वेणी

"चारच्या ठोक्याला, समजलं? चार म्हणजे चार. सव्वाचार नाही," एक पाय चपलेत आणि दुसरा पाय चप्पल शोधत, अशा अवस्थेत बायको दारातून म्हणाली. "चिमीला शाळेतून घ्यायचं आणि थेट नर्सिंग कॉलेजच्या सभागृहात आणायचं. आणि आत्ता तिच्या दोन वेण्या घाला. सैल घाला हो, चारला मला सोडायच्यात."

"घालतो की."

"जमेल ना नक्की?"

"अगं, शंभर फ्लॅटच्या इमारतीचं वायरिंग केलंय मी. दोन वेण्यांचं काय घेऊन बसलीस!" वायरमन म्हणाला.

बायकोला यावर हसायलाही वेळ नव्हता. गल्लीच्या तोंडाशी गेली अकरा वर्षं तिचं छोटं पार्लर होतं, आणि यंदा त्याच रस्त्यावर काचेच्या दारांची दोन मोठी सलून उघडली होती. तिच्याकडची गिऱ्हाइकं आता तिला हात करून पुढे जात. अशात नर्सिंग कॉलेजच्या मेट्रनबाईंनी तिला बोलावणं धाडलं होतं. ऐंशी मुली, दर शनिवारी वर्ग, वर्षभराचं काम. विषय एकच, घाईच्या माणसांसाठी झटपट केशरचना. पण आधी प्रात्यक्षिक आणि त्यालाही अट होती. केस तीन मिनिटांत बांधून व्हायला हवेत आणि डोक्यावरून काहीही पडता कामा नये. कारण मागच्याच महिन्यात एका पेशंटचं प्लॅस्टर कापलं, तेव्हा आतून हेअरपिन निघाली होती. बिचारा तीन आठवडे "काहीतरी टोचतंय" म्हणून ओरडत होता आणि सगळे त्याला "धीर धरा" म्हणत होते.

हे काम मिळालं तर पार्लर वाचणार होतं. नाहीतर पुढच्या महिन्यात कुलूप लावायचं आणि त्याच काचेच्या दारामागे दुसऱ्याच्या हाताखाली उभं राहायचं, असं तिने काल जेवताना सांगून टाकलं होतं. बायको खचलेली त्याला बघवत नसे. प्रात्यक्षिकासाठी डोकं मात्र घरचंच होतं. आठ वर्षांच्या चिमीचे केस कमरेपर्यंत होते.

बायको गेली. वायरमनने कंगवा शोधला, तर नाही. रिबिनी शोधल्या, त्याही नाहीत. रबर, क्लिपा, पिना, केसांत घालायचं जे जे म्हणून घरात होतं ते सगळं बाईसाहेब मोठ्या बॅगेत भरून घेऊन गेल्या होत्या. वायरमनचा स्वतःचा कंगवा असण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच्या डोक्याने ती गरज लग्नानंतर दोन वर्षांतच संपवली होती.

"बाबा, शाळेची बस पंधरा मिनिटांत येईल. केस मोकळे असले तर बाई दारातच उभं करतात," चिमी स्टुलावर बसून म्हणाली.

"घाबरू नको. बोटांनी विंचरू. वायरींचा गुंता कोण कंगव्याने सोडवतं का?"

आणि खरोखरच त्याने गुंता असा सोडवला की चिमी एकदाही "आई गं" म्हणाली नाही. मग त्याने मधोमध सरळ भांग पाडला, एका बाजूच्या केसांचे तीन भाग केले आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरेच्चा! ही तर थ्री-फेज लाइन आहे! हा लाल, हा पिवळा, हा निळा. लाल पिवळ्यावरून, निळा लालवरून, पिवळा निळ्यावरून. एवढ्यासाठी आई अकरा वर्षं भाव खातेय?"

वेणी झाली, पण शेवट कशाने बांधायचा? चिकटपट्टी केसांना लावायची नसते, एवढं त्याला कळत होतं. दोऱ्याची गाठ सुटली असती. त्याची नजर हत्यारांच्या पेटीकडे गेली. पेटीत वायरी बांधायचे प्लॅस्टिकचे केबल टाय होते. एक टोक दुसऱ्या टोकाच्या भोकात घातलं, ओढलं, की कटकट आवाज करत बसतो तो पक्का. वायरमनच्या मते जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या, बांधलेल्या आणि लोंबणाऱ्या. त्यामुळे घरातले पडदे, नळाची नळी, रेडिओची एरियल, एवढंच काय, सासूबाईंच्या पिशवीचा तुटका बंदसुद्धा टायवरच उभा होता.

त्याने वेणीच्या टोकाला टाय लावला. छान बसला. पण नुसता टोकाला टाय? त्याच्या उस्तादाने पहिल्या दिवशी शिकवलं होतं की दर चार बोटांवर टाय नसेल तर ते वायरिंग नव्हे, झाडावरची वेल. मग त्याने चार बोटांवर दुसरा लावला, मग तिसरा. एक लाल, एक काळा. प्रत्येक टाय पकडीने ओढून घट्ट केला आणि शेपूट कापून टाकलं. दोन वेण्या, चौदा टाय. बस आली तेव्हा चिमी दारात उभी होती आणि तिच्या दोन वेण्या खांद्यावरून अशा सरळ उतरल्या होत्या की कुणी ओळंबा लावून बघावं.

"अजून दे ना बाबा, मैत्रिणींना दाखवते," असं म्हणून चिमीने मूठभर टाय खिशात कोंबले.

दुपारी वायरमन एका दुकानात पॅनल दुरुस्त करत होता. दुकानदार शेजारी उभा राहून उंटावरून शेळ्या हाकत होता.

"ही वायर मोकळी कर ना. तो टाय सोड की."

"शेट, हा सुटत नसतो," वायरमन आपल्या नेहमीच्या रुबाबात म्हणाला. "एकदा बसला की बसला. कापावाच लागतो."

आणि वाक्य संपताच त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "चारला मला सोडायच्यात" हे सकाळचं वाक्य त्याला शब्द न् शब्द ऐकू आलं. पॅनल तसंच उघडं टाकून तो स्कूटरकडे धावला. मागून दुकानदार ओरडत होता, "अहो, लाइट?" पण वायरमनच्या डोळ्यांसमोर आधीच अंधार होता.

शाळेच्या फाटकात चिमी भेटली ती हवेतच तरंगत. "बाबा, बाई म्हणाल्या वर्गात सगळ्यात नीटनेटकी मी! खो-खो खेळले तरी एक केस हलला नाही!"

"शाब्बास. आता इथे उभी राहा. हलू नको."

त्याने पकड काढली आणि टायखाली घालायचा प्रयत्न केला. पण सकाळी त्याने काम इतकं मन लावून केलं होतं की पकडीचं टोक आत शिरायला जागाच नव्हती. कसंबसं घुसवून दाबलं. टाय तुटला, पण त्याच्याबरोबर दहाबारा लांबलचक केसही हातात आले. ते केस त्याने गुपचूप खिशात घातले, तुटल्या जागी नवा टाय ओढून बसवला आणि घड्याळ पाहिलं. चारला दहा कमी. पुन्हा चौदा टाय म्हणजे पोरीचं अर्धं डोकं! बायकोकडे बारीक कात्री असेल, ती काहीतरी करेल, असं स्वतःला समजावत त्याने स्कूटरला किक मारली.

कॉलेजच्या फाटकावर वॉचमनने हत्यारांची पिशवी अडवली. "पकड, करवत, स्क्रू-ड्रायव्हर. मुलींच्या कॉलेजात हे घेऊन कुठे निघालात?"

"केस सोडायला."

वॉचमनने त्याच्या टकलाकडे पाहिलं, मग पिशवीकडे पाहिलं, आणि पिशवी टेबलाखाली सरकवली.

सभागृहात ऐंशी मुली बसल्या होत्या. पहिल्या रांगेत मेट्रनबाई हातात घड्याळ घेऊन अशा बसल्या होत्या की घड्याळसुद्धा घाबरून चालत असावं. बायकोने चिमीला व्यासपीठावरच्या खुर्चीत बसवलं, मुलींना नमस्कार केला आणि वेण्या सोडायला हात घातला. हात तिथेच थांबला.

तिने एकदा ओढून पाहिलं, मग दुसरा टाय ओढला. मग चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून ती व्यासपीठाच्या कडेला आली.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"टाय आहेत. केबलचे."

"ते दिसतंय. सुटतात कसे?"

वायरमनने जमिनीकडे पाहिलं. "सुटत नाहीत."

"माझ्याकडे कात्री नाही. पिना, कंगवे, सगळं आणलं, कात्री नाही आणली. आज कापायचं काही नव्हतं ना!" तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. ते पाहून वायरमनला वाटलं, भिंतीतल्या सॉकेटमध्ये दोन बोटं घालावीत आणि मोकळं व्हावं.

"आणतो, पकड आणतो!" म्हणत तो फाटकाकडे सुटला.

"बाई, वेळ सुरू करू?" मेट्रनबाईंनी विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता घड्याळाचं बटण दाबलं.

फाटकावर वॉचमन पिशवी देईना. नाव लिहा, काम लिहा, कुणाला भेटायचं ते लिहा, सही करा. वायरमनने कामाच्या रकान्यात "संसार" असं लिहिलं, वॉचमनने ते खोडून "इतर" केलं, तेव्हा कुठे नुसती पकड मिळाली. ती उंच धरून तो व्हरांड्यातून धावत आला आणि दारातूनच ओरडला, "थांबा! कापतो! मी कापतो!"

ऐंशी मुली वळल्या. पुढच्या क्षणी सभागृह हसण्याने दणाणून गेलं.

कारण व्यासपीठावर काही कापायची गरजच उरली नव्हती. अकरा वर्षं पार्लर चालवणारी बाई दहा सेकंदांपेक्षा जास्त रडत नाही. तिने मनाशी म्हटलं, सुटत नाहीत ना, मग नकोच सोडायला. दोन्ही वेण्या मागे घेतल्या, एकीत एक गुंफल्या, मानेवर गोल अंबाडा केला आणि चिमीला कुजबुजत विचारलं, "आणखी आहेत का गं हे?" चिमीने खिशातून मूठ भरून काढली. बायकोने वेण्यांच्या पेडांमधून नवे दोन टाय ओवले, कटकट ओढले आणि हात वर केले. पिना सगळ्या बॅगेतच राहिल्या होत्या.

"पन्नास सेकंद," मेट्रनबाई थांबवलेलं घड्याळ पाहत म्हणाल्या. त्या उठून व्यासपीठावर आल्या, अंबाडा हलवून पाहिला. "बाळ, उड्या मार."

चिमीने वीस उड्या मारल्या, वर एक कोलांटीही मारली. जमिनीवर काही पडलं नाही.

"आणि रात्री ड्यूटी संपल्यावर हे सोडायचं कसं?" मागच्या रांगेतून एका मुलीने विचारलं.

बायकोने वायरमनकडे पाहिलं. पकड पाठीमागे लपवत तो हळूच म्हणाला, "तसे सुटणारेही मिळतात. बाजूला छोटी जीभ असते, दाबली की टाय मोकळा. कितीही वेळा वापरा."

"मिळतात?" बायको सावकाश म्हणाली. "तुमच्याकडे आहेत?"

"आहेत की. पाकीट भरून आहेत."

"घरात?"

"पेटीतच. या टायच्या शेजारी."

"मग सकाळी पोरीला ते का नाही लावलेत?"

वायरमन कसानुसा हसला. "ते चांगल्या कामासाठी राखून ठेवलेत."

यावर मेट्रनबाईसुद्धा हसल्या, आणि त्या हसतात हे मुलींना त्या दिवशीच कळलं. मग त्यांनी एप्रनच्या खिशातून बँडेज कापायची चपट्या, बोथट टोकाची कात्री काढली आणि एकेक टाय असा अलगद कापला की चिमीचा एकही केस तुटला नाही. "वर्ग शनिवारी दोन वाजता," त्या बायकोला म्हणाल्या. "पुढच्या वेळी सुटणारे आणा. आणि वेणी घालायला यांना आणा. भांग फार सरळ पाडतात."

घरी येईपर्यंत वायरमनने स्कूटर चालवता चालवता चारदा "चुकलंच माझं" म्हटलं. खिशातले ते दहाबारा केस मात्र त्याने कुणाला दाखवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहा पीत असताना बायको आतून आली. जगभराच्या डोक्यांना वळण लावणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या केसांना अकरा वर्षांत कधी दोन मिनिटं मिळाली नव्हती. घाईत एक गाठ मारायची, हाताला लागेल ती पेन्सिल खुपसायची आणि पळायचं. आज तिने ती पेन्सिल काढली, स्टूल ओढलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.

"काय गं?" वायरमन गोंधळला.

"मला पाच मिनिटं आहेत. ते तुमचं लाल, पिवळं, निळं करा."

वायरमनने कप खाली ठेवला, हात पुसले आणि सवयीने कालच्या त्या काळ्या टायकडे हात नेला.

"ते नाही," मान न वळवता बायको म्हणाली. "चांगल्या कामाचे काढा."