मुद्दाम आणलेली ओल

प्राणिसंग्रहालयाच्या नव्या साप-बेडूकगृहाच्या भिंतींना ओल आली. ती यावी म्हणूनच तर रचनाकार बाईंनी जिवाचं रान केलं होतं. छतात बारीक फवारे, तळाशी शेवाळ, सापांसाठी वेगळी तापलेली कपार. रानातून जवळजवळ नाहीशा झालेल्या इवल्या बेडकांची एक जोडी या ओलीच्या भरवशावर अंडी घालणार होती. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीने पितो. कोरडा पडला की संपला.

पाटी: *येथे दुर्मिळ बेडूक आहेत. शांतता राखा.*

तपासणीला दुरुस्ती खात्याचे मुख्य अभियंता आले. हे बाईंचे थोरले दीर. त्यांनी भिंतीवर बोट फिरवलं, बोट हुंगलं आणि चेहरा सुतकी केला.

"ओल आहे."

"असणारच, भाऊजी. मुद्दाम आणलीय."

"इथे साहेब म्हणायचं. आणि मुद्दाम? आपोआप आलेल्या ओलीला आमच्याकडे माफी असते. मुद्दाम आणलेली ओल म्हणजे कट!"

"अहो, बेडूक उभयचर आहे. पाण्यातही राहतो, जमिनीवरही."

"मग आधी एक कायमचा पत्ता दे म्हणावं त्याला."

दुसऱ्या दिवशी फवारे बंद झाले, भिंतींना ओलरोधक रंग लागला. सरड्यांनी तो निमूटपणे अंगावर घेतला. मगरीने रीतसर अश्रू ढाळले. ते गळती समजून पुसण्यात आले. बेडूक मात्र सुकल्या पानासारखे आक्रसू लागले.

पाटी: *बेडूक कोरडे करण्याचे काम चालू आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.*

बाईंनी जोडी डब्यात घातली आणि तडक दिरांच्या कचेरीत धडकल्या.

"ओलसर जागा द्या, नाहीतर दोघं आजच मरतील!"

"अख्ख्या शहरात ओल नाही. हे बघ." साहेबांनी भिंतीवरचं 'सर्वांत कोरडी इमारत' हे मानपत्र दाखवलं. त्याच्या चौकटीमागून पाणी ओघळत खालच्या बादलीत टपकत होतं. टप. टप.

बाईंनी डबा उघडला. टुण्णकन दोन उड्या, आणि जोडी मानपत्रामागे.

थोड्याच दिवसांत साहेबांच्या पेल्यात बेडूकमासे पोहू लागले.

"हाकल यांना!" साहेबांनी बाईंना बोलावून फर्मावलं.

"कुणाला, साहेब? ओल असेल तर बेडूक असतील. आहे ओल?"

साहेबांनी मानपत्राकडे पाहिलं. मग पेल्याकडे.

"छे! ओल नाही."

"मग बेडूकही नाहीत. नसलेल्यांना हाकलायचं कसं?"

साहेबांनी गाळणं मागवलं.

हळूहळू तिथे बघ्यांची रीघ लागली. कचेरीला काच बसली, बेडूक वाढले.

पाटी: *डावीकडे बेडूक. उजवीकडे कर्मचारी. दोघेही बराच वेळ हलत नाहीत. काचेवर टकटक करू नये.*

लोक काचेला नाक लावून पोट धरधरून हसतात आणि घरी जातात. तिथे भिंतीला टेकून एक कपाट असतं. ते का सरकवायचं नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून कुणी विचारत नाही.

तुमचंही राहू द्या तिथेच. कपाटामागच्यांची पिल्लं अजून लहान आहेत.