दोन्ही हातांचा नकार

"शिवकन्ये, पिंडीवर धार लागल्याबिगर तोंडातून सबद काढायचा न्हाई. अन् एकदा लागली की दिवस मावळंपस्तोर तुटू द्यायची न्हाई. चैत्री पुनवंपासून वैशाखी पुनवंपस्तोर. जमंल का?"

अकरा वर्षांपूर्वी सासूबाई चंद्रभागाबाईंनी असं विचारलं, तेव्हा शिवकन्या "जमंल" म्हणाली होती. सासूबाई गेल्या, नेम राहिला. उन्हाळ्यात महादेवाच्याही अंगाची लाही होते, म्हणून देवघरात पिंडीच्या वर आकड्याला तांब्याचं अभिषेकपात्र टांगायचं. त्याच्या बुडाला बारीक भोक, त्यातून थेंब थेंब पाणी. अकरा वर्षांत एका दिवसाचा खाडा नाही. दिंद्रुडच्या त्या पत्र्याच्या घरात वैशाखात एकटा महादेव तेवढा गार असे.

आणि आज, पुनवेला चार दिवस उरले असताना, शिवकन्या न्हाऊन देवघरात आली तर आकडा मोकळा. काल दिवस मावळल्यावर घासून पालथं घातलेलं पात्र जागेवर नव्हतं. ताम्हणही नव्हतं.

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. पात्र नाही तर धार नाही, धार नाही तर शब्द नाही, आणि शब्द नाही तर पात्र कुठं गेलं हे विचारायचं कसं? कागदावर लिहून विचारावं असं क्षणभर मनात आलं. पण लिहिलेला शब्द हाही शब्दच. असल्या पळवाटा एकवेळ देवानं चालवून घेतल्या असत्या, चंद्रभागाबाईंनी नाही.

तिचा नवरा रामेश्वर पुढच्या खोलीत ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र चालवी. महिनाभर तिथला कम्प्युटर दर दहा मिनिटांनी तापून बंद पडत होता आणि रामेश्वर मोबाइलवर त्याचे इलाज पाहत बसत होता. शिवकन्या पुढे गेली तेव्हा कम्प्युटरची एक बाजू उघडी होती, आत ठिबकच्या काळ्या नळ्या शिरल्या होत्या आणि टेबलाखाली कूलरचा पंप गुरगुरत होता. तो पंप तिच्या अभिषेकपात्रात बुडवलेला होता.

"ये, बघ," रामेश्वर म्हणाला. "पंच्याण्णववर जायचा, आता अठ्ठेचाळीस."

मग त्यानं कौतुकानं सगळं समजावून सांगितलं. कम्प्युटरच्या मेंदूवर तांब्याची चपटी डबी बसवायची आणि तिच्यातून पाणी फिरवत ठेवायचं, म्हणजे मेंदू तापत नाही. चांगलं तांबं ऐनवेळी कुठून आणणार? म्हणून ताम्हणाचं बूड कापलं आणि स्टँडवर रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या बंकटकडून रात्रीच डबी करून घेतली.

"बंकट लई भला माणूस. या पात्राला खाली भोक पडलेलं दिसलं, तर न सांगताच डाग देऊन बुजवलं त्यानं."

शिवकन्येच्या कानांच्या पाळ्या तापल्या. अकरा वर्षं जे भोक तिनं उदबत्तीच्या काडीनं रोज साफ केलं, ते एका रेडिएटरवाल्यानं भलेपणानं बुजवलं होतं.

"अशी कावून बघायलीस?" रामेश्वर बिचकला. "काल सकाळी विचारलं होतं की तुला."

विचारलं होतं, ते बरोबर नेमाच्या वेळी. तिनं दोन्ही हात हलवून ठाम नकार दिला होता, आणि विषय संपला असं समजून ती पूजेला बसली होती.

"मी म्हणलं, ताम्हण घेऊ का पात्र घेऊ? तू दोन्ही हात वर केलेस. मला वाटलं, दोन्ही घ्या म्हणायलीस."

बाकावर गावातल्या चतुराबाई बसल्या होत्या. दळणाच्या दोन पिशव्या पायाशी ठेवून त्या पेन्शनच्या फॉर्मची वाट पाहत होत्या. त्यांनीही न विचारता निवाडा दिला.

"बाईमाणूस इतकं गप बसलंय म्हंजी तिची कबुलीच की रं, रामेश्वरा."

पात्र उपसून न्यावं असं शिवकन्येला फार वाटलं. पण फॉर्म अर्धा भरून झाला होता आणि बंद पडला असता तर म्हातारीला पुन्हा अंगठे द्यायला बसावं लागलं असतं. संताप हातात धरून उभं राहायचं हे काही तिच्या नेमात नव्हतं. तेही तिनं केलं.

फॉर्म गेला. रामेश्वरनं पावती काढली, आणि तेवढ्यात टप् असा आवाज झाला. बंकटच्या डबीचा सांधा पाझरत होता. एक थेंब कम्प्युटरच्या आतल्या पट्टीवर पडला आणि पडदा काळा झाला. रामेश्वरनं झडप घालून वायर उपसली आणि डोकं धरून खाली बसला.

"बुजवायचं ते सोडलंस अन् नको ते बुजवलंस की रं, बंकट," तो स्वतःशीच म्हणाला.

शिवकन्या मात्र थेंबाकडे पाहत होती. एक थेंब, तीन आकडे मोजावेत इतकी उसंत, मग दुसरा थेंब. अगदी हाच वेग. तिनं टेबलावरचा पेचकस उचलला, चार स्क्रू सोडवले, डबी नळ्यांसकट देवघरात नेली, चिंच लावून घासली आणि आकड्याला टांगली. एका नळीला गाठ मारली, दुसरी पाण्यानं भरून फळीवरच्या कळशीत सोडली. ताम्हण देवघरातलंच होतं. एक रात्र बाहेर नांदून आलं, इतकंच.

टप्. पिंडीवर पहिला थेंब पडला.

आता बोलायला मुभा होती. रामेश्वर दारात खाली मान घालून उभा राहिला. सकाळपासून शिवकन्येनं एकेक वाक्य धार लावून ठेवलं होतं. पण देवासमोर आवाज चढवायचा नाही, हाही नेमच.

"मी न्हाई म्हणले होते," ती हळूच म्हणाली.

"चुकलो. आत्ता जातो अन् भोक पहिल्यासारखं करून आणतो. सबद देतो तुला."

"सबदच नका देऊ. त्या पात्राला धार लागंपस्तोर तुमीबी तोंड उघडायचं न्हाई. लिहायचंबी न्हाई. तवर तुमची डबी हितंच राहील. जमंल का?"

रामेश्वरनं तोंड उघडलं आणि मिटलं. मान हलवली. टेबलाखालचं पात्र रिकामं करून काखेत मारलं आणि मुकाट्यानं उंबरा ओलांडला.

चतुराबाई दारातच होत्या. त्यांचं घर स्टँडच्या पलीकडे. एवढं दळण घरापर्यंत नेऊन देतोस का, असं त्यांनी विचारलं. पात्र कोपरानं दाबून धरत रामेश्वरनं दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले.

"गुणाचं लेकरू," चतुराबाई म्हणाल्या, आणि त्यांनी त्याच्या दोन्ही हातांत एकेक पिशवी अडकवली.

रामेश्वरनं एकदा वळून शिवकन्येकडे पाहिलं. ती कळशीतलं पाणी बघायला आत वळली होती. काखेतलं पात्र सावरत तो स्टँडकडे चालू लागला. तिथं बंकटला काय हवंय ते हातांनीच सांगायचं होतं, आणि हात तर दोन्ही गुंतले होते.