न बिघडणाऱ्या गाडीचा निर्णय

बिघडलेल्या वस्तूचा निर्णय ती वस्तू स्वतःच करून टाकते. न बिघडणाऱ्या वस्तूसाठी मात्र माणसांना एकत्र बसावं लागतं. जगातल्या बहुतेक समित्या अशाच ठीक चाललेल्या गोष्टींवर बसलेल्या आढळतात, आणि एकदा समिती बसली की ती गोष्ट पुन्हा उठल्याचं ऐकिवात नाही.

दिग्रसच्या घनश्यामभाऊंची पांढरी जर्मन गाडी अशीच ठीक चालत होती. कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता, त्या साली त्यांच्या वडिलांनी ती नागपूरहून आणली. पुढे वडील गेले, घरच्या जिनिंगमधल्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातल्या, यंत्रांचे पट्टे बदलले, घनश्यामभाऊंचे केस गेले, पण गाडी चावी फिरवली की पहिल्या हाकेला ओ देत राहिली. तिने कुणाला रस्त्यात उतरवलं नाही की ढकलायला लावलं नाही. (जी गाडी ढकलायला आपण कधी गेलो नाही, ती शेजाऱ्याची आहे हे दिग्रसमध्ये कुणाच्या ध्यानातच राहत नाही.)

अशा गाडीने मालकाची फार कुचंबणा होते. ती विकली तर लोक म्हणतात, जिनिंग बसली. ठेवली तर म्हणतात, जिनिंग केव्हाच बसली, दाखवत नाही इतकंच. नवी घेतली तर लोक काही म्हणत नाहीत, नुसते जिनिंगच्या वजनकाट्याकडे बघतात.

त्यात पंधरा वर्षं होत आली. या वयाला पोचलेल्या गाडीला सरकार पुन्हा एकदा तपासून घेतं आणि मगच रस्त्यावर राहू देतं. माणसांच्या बाबतीत अशी सोय अजून झालेली नाही. जूनअखेर गाडीची पासिंग संपणार होती. म्हणजे त्याआधी ठरवणं भाग होतं: पुन्हा पासिंग करून गाडी ठेवायची, की विकायची.

आयत्या वेळचा विषय: घनश्यामभाऊंची आई वच्छलाबाई. वय पंचाहत्तरच्या पुढे, कमरेच्या हाडाचं ऑपरेशन झालेलं. त्यांची धाकटी बहीण मानीबाई आर्णीला अंथरुणाला खिळली होती आणि तिने अन्न सोडलं होतं. "वच्छे, एकडाव येऊन जाय," असा तिचा निरोप होता. वच्छलाबाईंना इतर कुठल्याही वाहनात दहा मिनिटं बसवत नसे, कंबर धरायची. या एका गाडीच्या पुढच्या डाव्या सीटवर त्या तासभर सरळ बसू शकत, आणि आर्णी तासाभराच्याच अंतरावर. वैशाखातल्या एका सकाळी चहा पिता पिता त्या मुलाला म्हणाल्या, "मले आर्णीले नेऊन आन. मंग तुमी गाडी इका नाही तं ठिवा."

"उद्याच नेतो, माय," घनश्यामभाऊ म्हणाले.

ते मनापासून म्हणाले होते, हे इथे मुद्दाम सांगितलं पाहिजे. पण आयत्या वेळचे विषय शेवटी घ्यायची पद्धत आहे. आधी गाडी.

त्याच दुपारी गाडीबद्दल घरात बोलणं निघालं. बाहेर ऊन असं की कुत्री नालीत बसलेली. बोलणं जरा रंगात आलं आणि लाईन गेली. कूलर थांबला. घामाने माणसाची मतं फार टोकाची होतात, असं सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि घनश्यामभाऊंनीच सुचवलं की अंगणात कडुलिंबाखाली गाडी उभीच आहे, तिचा एसी लावून बसू. सगळे गाडीत जाऊन बसले. दारं लागली, गार हवा आली, आणि समिती अस्तित्वात आली.

समितीची रचना आसनांप्रमाणे:

चालकाची सीट: घनश्यामभाऊ, अध्यक्ष. (इंजिन चालू ठेवायचं असल्याने अध्यक्षांना जागा सोडता येत नाही. मोठमोठ्या संस्थांतही हेच कारण दिलं जातं.)

पुढची डावी: धरमसिंग राठोड, पंचायत समितीतून निवृत्त झालेले विस्तार अधिकारी, घनश्यामभाऊंचे जुने मित्र. सभा कशी चालवायची याचं त्यांना अपार ज्ञान होतं, आणि निवृत्तीनंतर ते वापरायला जागा नव्हती.

मागे, उजवीकडे: अंकुर, चिरंजीव, पुण्याहून शिकून आलेला. नवी, बॅटरीवर चालणारी, छताला काच असलेली गाडी घ्यावी, या मताचा. (दिग्रसच्या उन्हात छताला काच कशाला, हा प्रश्न कुणी विचारला नाही, छताला काच नसलेले लोक मागासलेले दिसतात.)

मागे, मधोमध: दिपालीवहिनी, अध्यक्षांची पत्नी. ठेवायची की विकायची ते तुम्ही ठरवा, पण नवी आली तर काळी नको, ही त्यांची भूमिका.

मागे, डावीकडे: उकंडाभाऊ, जुन्या गाड्यांचे दलाल. तज्ज्ञ म्हणून बोलावलेले.

गाडीत पाच माणसं बसतात, त्यामुळे वच्छलाबाईंना प्रतिनिधित्व देता आलं नाही.

पहिल्याच बैठकीत धरमसिंगांनी एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. जी वस्तू निर्णयाधीन आहे ती निर्णय होईपर्यंत आहे तशी ठेवावी लागते. गाडी बाहेर काढली तर किलोमीटर वाढतील. किलोमीटर वाढले तर किंमत बदलेल, आणि किंमत बदलली तर आतापर्यंतची सगळी चर्चा वाया जाईल. उकंडाभाऊंनी दलाल या नात्याने दुजोरा दिला. सर्वांना ते पटलं, कारण आत फार छान गार वाटत होतं. ठरलं: निर्णय होईपर्यंत गाडी चालू राहील, पण चालणार नाही.

दुसऱ्या दिवशी लाईन गेली नव्हती. तरीही समिती गाडीतच भरली, कारण एकदा ठरलेलं ठिकाण सूचना दिल्याशिवाय बदलता येत नाही. (सूचना द्यायची तर बैठक हवी, आणि बैठक गाडीतच असते.)

वच्छलाबाई काठी टेकत अंगणात आल्या आणि त्यांनी अध्यक्षांच्या काचेवर टकटक केली. काच चार बोटं खाली आली. त्याहून खाली केली तर गार हवा जाते.

"घनश्याम, काहून रे, आज बी बसले?"

"हो माय. विषय मोठा हाये."

"आर्णी त्याच्याहून मोठी हाये का? जाऊन येऊ, आल्यावर बसा तुमी."

पलीकडून धरमसिंग पुढे वाकले. ते बंजारा, आणि वच्छलाबाईंना पहिल्यापासून आपल्या बोलीत याडी, म्हणजे आईच म्हणत. "याडी, गाडी निर्णयाधीन हाये. दोन दिवस थांबा."

"पन गाडी तं चालू दिसून राह्यली."

"चालू हाये, याडी. फक्त जाऊन नाही राह्यली."

"मंग तिले गाडी कायले म्हनता? कूलर म्हना!"

मागून दिपालीवहिनी हळूच म्हणाल्या, "अहो, काच." काच चार बोटं वर गेली. समितीने वच्छलाबाईंच्या भावनांची आदरपूर्वक नोंद घेतली, आणि गाडीला कूलर म्हणता येईल का, या मुद्द्यावर बरीच चर्चा झाली.

समितीने काम केलं नाही असं कुणी म्हणू नये. वैशाख संपेपर्यंत तिने पुढील निष्कर्ष काढले होते. गाडीत दोष नाही, हाच तिचा मोठा दोष. नव्या गाड्या दर थोड्या वेळाने काहीतरी वाजून मालकाशी बोलतात, ही पंधरा वर्षांत एक शब्द बोलली नाही. ("आपलं तिच्याशी काही नातंच नाही, बाबा," अंकुर म्हणाला.) भरवशाची गाडी विकणं बाजाराच्या दृष्टीने अवघड. उकंडाभाऊंच्या अनुभवाप्रमाणे शंभरातली नव्वद गिऱ्हाइकं पहिला प्रश्न विचारतात, एवढी चांगली हाये तं इकून कायले राह्यले? आणि त्याला आजवर कुणाला उत्तर सापडलेलं नाही. उरलेले दहा टक्के विचारत नाहीत, पण ते घेतही नाहीत.

"मंग एखादा बिघाड करून घ्यावा का?" धरमसिंगांनी विचारलं.

"पासिंग होऊन जाऊ द्या, मंग करू," उकंडाभाऊ म्हणाले. विषय उपसमितीकडे गेला. उपसमिती मागच्या सीटवर होती.

हळूहळू गाडीत चपला बाहेर काढून बसायची शिस्त आली. कैरीचं पन्हं येऊ लागलं, मग पोहे, मग पापड. धरमसिंगांनी घरून उशी आणली. आणि घनश्यामभाऊंना एक गोष्ट जाणवली, जी त्यांनी कुणाला सांगितली नाही. वडील गेल्यापासून त्या घरात माणसं एकत्र बसलीच नव्हती. प्रत्येकाची खोली, प्रत्येकाचा फोन. अंकुर तर जेवणही ताट घेऊन वर न्यायचा. आता तोच अंकुर रोज दुपारी त्यांच्या पाठीमागे बसून त्यांच्याशी भांडत होता. आरशात बायको हसताना दिसत होती. गाडी विकली तर हे संपणार होतं, आणि ठेवायचं ठरलं तरी संपणार होतं. इतकी वर्षं जिनिंग सांभाळलेल्या त्या माणसाला पहिल्यांदाच काहीही न ठरण्यात सुख वाटत होतं.

रात्री ते आईच्या खोलीत जात, पायाशी बसत आणि म्हणत, "उद्या नेतोच."

"ने बापा," त्या म्हणत. पुढे पुढे नुसती मान हलवत.

आयत्या वेळचा विषय (पुढे ढकललेला): एका दुपारी आर्णीहून फोन आला. घनश्यामभाऊंचा फोन गाडीला जोडलेला होता, त्यामुळे तो चारी बाजूंच्या स्पीकरमधून आला. मानीबाईंचा आवाज. दोन शब्दांत श्वास, पुन्हा दोन शब्द. "बाबू... वच्छीले आन... तिले म्हना, मी... थांबून हावो."

दिपालीवहिनींनी पदर डोळ्याला लावला. घनश्यामभाऊंचा हात गिअरकडे गेला आणि तिथे बराच वेळ राहिला. शेवटी उकंडाभाऊ हलक्या आवाजात म्हणाले, "पंधरा वर्षं जुना स्पीकर हाये. पन श्वास बी कसा साफ आयकू आला, पाहा." हे खरंच होतं. गाडी ठेवण्याच्या बाजूने एक मुद्दा वाढला.

जून संपला. उकाडा तसाच होता. जुलैच्या पहिल्याच सकाळी बैठक सुरू होऊन पोहे फिरत असताना काचेवर टकटक झाली. काच चार बोटं खाली आली. वच्छलाबाई धुवट नऊवारीत होत्या. काखेत दोन उशा, हातात पिशवी.

"मी चाल्ली रे."

"हो माय, जाय. उन्हात नको थांबू," घनश्यामभाऊ म्हणाले. त्यांना वाटलं, त्या घरात चालल्या आहेत. काच वर गेली.

वच्छलाबाई फाटकाबाहेर थांबलेल्या ऑटोत बसल्या, स्टँडवर उतरल्या आणि आर्णीकडे जाणाऱ्या एसटीत चढल्या. एक उशी कमरेखाली, एक पाठीला. या वयाला एसटीत तिकीट लागत नाही. (त्यांच्या प्रवासाबाबत सरकारने समितीच्या आधीच निर्णय घेऊन ठेवलेला होता.) रस्त्याचं काम चालू असल्यामुळे बस कशी गेली असेल, त्याची कल्पना समितीला करता आली असती, पण तिच्यासमोर तो विषय नव्हता.

दुपारी मानीबाईंच्या मुलाचा फोन आला. "घनश्यामभाऊ, मावशी पोचली."

"कशी पोचली?"

"एसटीनं. कंडक्टरनं धरून उतरवली."

घनश्यामभाऊंनी फोन ठेवला, गिअर टाकला, आणि गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच गाडी हलली. एक फूट. पन्हं सांडलं.

"अध्यक्ष!" धरमसिंग ओरडले. "कुठं?"

"मायले आनाले."

"भाऊ, काल पासिंग संपली. ही गाडी आजपासून रस्त्यावर नेता येत नाही."

घनश्यामभाऊंनी फाटकाकडे पाहिलं. फाटक उघडं होतं. मग त्यांनी आरशात पाहिलं; तिथे तीन चेहरे थांबले होते, पोह्यांच्या प्लेटा सावरत. जिनिंगमध्ये मालाची जीप उभी होती, ती घेऊन निघता आलं असतं. पण त्यासाठी उतरावं लागलं असतं, आणि बाहेर फार ऊन होतं. त्यांनी गाडी एक फूट मागे घेतली.

त्यानंतर चर्चा झपाट्याने पुढे गेली. वच्छलाबाई एसटीने जाऊ शकतात हे सिद्ध झाल्याने गाडी ठेवण्याचं एक मुख्य कारण निकाली निघालं. गाडी रस्त्यावर जाऊ शकत नसल्याने विकण्याचंही निघालं. दोन्ही बाजू समसमान झाल्या, आणि समिती कायमस्वरूपी करण्यात आली. अंकुरने पडदे लावण्याची सूचना मांडली. ती एकमताने मंजूर झाली. पडदे काळे नकोत, एवढं दिपालीवहिनींनी सांगितलं.

आता राहिला लोकमताचा भाग. गाडी ठेवावी की विकावी, याबद्दल वाचकांचंही काहीएक मत एव्हाना झालंच असेल. कुणी पासिंगच्या खर्चाचा विचार केला असेल, कुणी मनातल्या मनात स्वतःच्या गाडीचा. समिती अशा मतांची कदर करते. मानीबाई भेटेपर्यंत थांबली होती का, हे फोनवर विचारायचं घनश्यामभाऊंकडून राहून गेलं, आणि इथवर वाचत आलेल्या तुमच्याकडूनही. म्हणजे सदस्यत्वाची अट तुम्ही पुरी केली आहे. मागच्या सीटवर जरा सरकून घेतलं तर सहावा माणूस बसतो. या. फक्त दार पटकन ओढून घ्या, गार बाहेर जातं.